गाडी तीच, रस्ता तोच. मग काही ड्रायव्हिंग गेमच का आठवतात?

तापीकाठचा

राम राम मंडळी.

गाड्यांच्या गेमवर इथे अधूनमधून धागे निघतात आणि चौथ्या प्रतिसादापर्यंत ग्राफिक्स कार्डावर घसरतात. कोणाकडे किती एफपीएस (सेकंदाला किती चित्रं पडद्यावर उमटतात ते), कुठल्या गेममध्ये किती गाड्या, पावसात डांबर किती खरं दिसतं. ते सगळं बाजूला ठेवून एक विचारायचंय. जे गेम वर्षानुवर्षं डोक्यात राहिले, ते का राहिले?

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे हाणायला सोपं जाईल. लक्षात राहिलेल्या प्रत्येक गेमला स्वतःचा स्वभाव होता. गाडी चालवणं म्हणजे काय, याबद्दल त्याचं काहीतरी ठाम म्हणणं होतं. मग आवाज, मेन्यू, धडकल्यावर काय होतं, हरल्यावर काय होतं, सगळं त्या एका म्हणण्याच्या मागे उभं.

सेगाचा आउटरन घ्या. साल १९८६. यू सुझुकी यांनी बनवलेला. ते त्याला रेसिंग गेम म्हणायलाच तयार नसत, ड्रायव्हिंग गेम म्हणत. सुरू केल्यावर पहिलं काय दिसतं? रेडिओ. पडद्यावर एक हात रेडिओचं बटण फिरवतोय, आणि तीनपैकी कुठली धून लावून निघायचं ते तुम्ही ठरवायचं. गाडी अजून जागची हललेली नाही, पण आपण कुठल्या मूडमध्ये निघालोय ते ठरून गेलं. मग लाल फेरारी टेस्टारोसा, टप उघडा, शेजारी मैत्रीण, एका बाजूला समुद्र. पहिला नंबर काढायला कोणी प्रतिस्पर्धीच नाहीत. रस्त्यावर इतर वाहनं आहेत आणि डोक्यावर घड्याळ. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी रस्ता दोन्हीकडे फुटतो, डावीकडे जा नाहीतर उजवीकडे. एका फेरीत ५ टप्पे, पण एकूण टप्पे १५, आणि शेवटही ५ वेगवेगळे. जोरात आदळलात की गाडी कोलांट्या खाते, दोघंही बाहेर फेकले जातात, आणि पुन्हा गाडीत बसून पुढे निघतात. रक्त नाही, दुरुस्तीचं बिल नाही. सुट्टीचा दिवस आहे, कशाला मन खट्टू करा!

आजच्या हिशोबाने त्या गाडीत खरं काहीच नाही. रस्तासुद्धा चित्रांची हातचलाखी आहे. तरी लावला की चेहरा सैल होतो.

तर सांगा, तुमचे कुठले? खानदेशातल्या मंडळींनी तर लिहायलाच पाहिजे. मे महिन्याच्या दुपारी आपल्याकडे खरी गाडी बाहेर काढायची सोय नसते, त्यामुळे घरात बसून गाडी हाकायचा आपला सराव दांडगा.

एमएच_अठरा

रोड रॅश. विषय संपला. धागा बंद करा.

एमएच_अठरा

बरं, लिहितो. तुन्ही गोट खरी शे भाऊ, म्हणून जरा सविस्तर.

आमच्या देवपुरातल्या सायबर कॅफेत इंटरनेट नावाला होतं. पोरं यायची ती रोड रॅशला. मूळ गेम १९९१ चा, सेगाच्या कन्सोलवरचा. आपण खेळलो ती पुढची, व्हिडिओ आणि रॉक गाणीवाली संगणकावरची आवृत्ती. त्यात ग्राफिक्स म्हणाल तर झाडं पुठ्ठ्याची. पण स्वभाव! बाइक घ्यायला दुकान आहे, आणि शर्यतीच्या आधी बसायला एक अड्डा आहे. तिथं बाकीचे चालक बसलेले असतात, त्यांच्याशी बोलायचं, कोण कोणावर खार खाऊन आहे ते कळतं. मग रस्त्यावर तोच शेजारी आला की लाथ घालायला वेगळीच मजा. समोरच्याने साखळी फिरवली तर नेमक्या वेळेला ती त्याच्याच हातातून हिसकावून घेता येते. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा अख्खा कॅफे ओरडला होता.

आणि सगळ्यात भारी म्हणजे पडल्यानंतरचं. बाकी गेममध्ये पडलात की पडदा काळा होतो आणि गाडी आपोआप रस्त्यावर उभी. रोड रॅशमध्ये गडी उठतो आणि धावत जातो बाइककडे. बाइक पडलीय लांब. रस्ता चालू आहे. मधेच दुसरा कोणी येऊन उडवून जातो. पुन्हा उठा, पुन्हा धावा. इतक्यात मागून पोलिस. पकडलं की दंड.

हरायलाही मजा यायची, यातच सगळं आलं.

मेहरूणची_बोरं

+१ धावत जाण्याला. मी ते मुद्दाम करायचे, पडल्यावर बाइककडे न जाता उलट्या दिशेला धावायचे. दादा शेजारी बसून कपाळाला हात लावायचा.

माझं मत मोस्ट वॉन्टेडला, २००५ चा नीड फॉर स्पीड. त्यातली गोष्ट ठीकठाकच. रेझर नावाचा पोरगा सुरुवातीलाच लबाडीने तुमची बीएमडब्ल्यू एम३ जीटीआर लांबवतो, मग १५ जणांच्या यादीत खालून वर चढत जायचं. ते संवाद आता ऐकले तर हसू येतं. पण पोलिसांचा वायरलेस! पाठलाग चालू असताना त्यांचं आपसातलं बोलणं तुम्हाला ऐकू येतं. पुढे रोडब्लॉक लावतोय, काटेरी पट्ट्या टाकतोय, जादा गाड्या पाठवा. म्हणजे काय होणार ते डोळ्यांना दिसायच्या आधी कानावर येतं आणि पोटात गोळा. मला इंग्रजी तेव्हा धड कळत नव्हतं. त्या वायरलेसमुळे कान तयार झाला, शाळेतल्या बाईंमुळे नाही.

आणि तो पिवळट उजेड. अख्ख्या शहरावर भर दुपार ओतल्यासारखी. जळगावच्या माणसाला ते शहर अगदी घरचं वाटतं.

क्लच_प्लेट

तुम्ही सगळे जुन्या आठवणींना स्वभाव म्हणताय.

मी दिवसा गाड्याच दुरुस्त करतो, रात्री सिम्युलेटर. मला विचाराल तर आधी स्टिअरिंगने हाताला काहीतरी सांगितलं पाहिजे. पुढचं चाक सुटतंय की मागचं, ब्रेक दाबल्यावर वजन पुढे येतंय की नाही. ते नसेल तर रेडिओ लावा नाहीतर बँड लावा. वांगंच नीट भाजलेलं नसेल तर भरतावर कांद्याची पात कितीही पेरा.

ग्रान टुरिस्मोला कुठे आहे स्वभाव? १९९७ पासून तो एकच काम करतोय, गाडी जशी आहे तशी दाखवणं. तरी लोक वेडे आहेत ना त्याच्या मागे?

तापीकाठचा

क्लच_प्लेट, बरं झालं ग्रान टुरिस्मोचं नाव तुम्हीच काढलं. त्याच्याइतका स्वभाववाला गेम दुसरा शोधून दाखवा.

पहिल्याच भागात काय होतं आठवा. गाडी घेतलीत म्हणून शर्यतीत उतरता येत नाही, आधी लायसन्स काढा. एकच वळण, ब्रेक कुठे दाबायचा, किती दाबायचा, आणि सेकंदाच्या काही भागाने सोनं हुकून चांदी मिळते. ही कोणाची पद्धत आहे? शिस्तीच्या मास्तरांची. मागे मेन्यूत मंद जॅझ चाललेलं. चौथ्या भागात ७०० हून जास्त गाड्या, आणि त्यात कोणी शर्यतीत न्यायचा विचारही करणार नाही असल्या जुन्यापान्या, साध्या घरगुती गाड्यासुद्धा. आणि सातवा भाग (२०२२) तर कळसच. त्यात एक कॅफे आहे. मालकाचं नाव लूका. तो तुम्हाला मेन्यू देतो, मेन्यूत गाड्या. या तीन गोळा करून आण. आणल्या की तो बसून त्या गाड्यांची कुळकथा सांगतो. गाडीवर मनापासून माया असलेला माणूस तुम्हाला हाताला धरून संग्रहालय दाखवतोय, असा तो सगळा मामला आहे. हा गेम बनवणाऱ्या काझुनोरी यामाउची यांचा तो स्वभाव आहे, आणि गेमभर दिसतो. कोणाला कंटाळवाणा वाटेल. मला कधीकधी वाटतो. पण बिनचेहऱ्याचा नाही.

आता तुमचा स्टिअरिंगचा मुद्दा. तो मला मान्यच आहे, उलट मी एक पाऊल पुढे जातो. स्वभाव स्टिअरिंगमध्येच असतो. १९९२ चा सुपर मारिओ कार्ट. आठ पात्रं. बाउझर जड, त्यामुळे हळूहळू वेग घेतो, पण एकदा सुटला की सुसाट. टोड हलका, पटकन उचल खातो, पण वरचा वेग कमी, आणि जडवाल्याने धक्का दिला की बाजूला. तिथं चित्र बदललं म्हणजे गाडी बदलली. कोण आहे ते बोटांना कळतं. डोळे मिटले तरी ओळखाल.

क्लच_प्लेट

डोळे मिटून मारिओ कार्ट. करून बघतो.

अवांतर_काका

स्वभावाचा विषय निघालाय तर एका महान गेमचा उल्लेख राहून चालणार नाही. डेझर्ट बस. १९९५ मध्ये पेन अँड टेलर या अमेरिकी जादूगार जोडीसाठी बनवलेल्या गेमसंग्रहातला. तो संग्रह तेव्हा बाजारात आलाच नाही, पण गेम अजरामर झाला.

ॲरिझोनातल्या टूसॉनहून लास व्हेगासला बस न्यायची. ताशी ४५ मैलांच्या वर जात नाही. प्रवास ८ तासांचा, आणि गेममध्येही पूर्ण ८ तासच लागतात. रस्ता सरळ. समोरून गाडी नाही. बसमध्ये प्रवासी नाही. मग बटणावर वीट ठेवून झोपू म्हणाल तर बस थोडी थोडी उजवीकडे ओढते, सतत सावरत राहावं लागतं. रस्त्याखाली गेलात की टोचन करून परत टूसॉन, आणि तेही खऱ्या वेळात. काचेवर एक किडा येऊन आपटतो, ती त्या प्रवासातली मोठी घटना. पोचलात की गुण मिळतो. एक.

व्हिडिओ गेम वाईट म्हणणाऱ्यांची टिंगल करायला काढलेला तो प्रकार होता. घ्या, वास्तव हवं होतं ना? पुढे २००७ पासून काही लोक तो तासन्‌तास खेळून लहान मुलांसाठी देणग्या गोळा करतात.

मी नोकरीनिमित्त धुळे-नागपूर इतक्यांदा केलंय की मला हा गेम विनोदी वाटेना.

एमएच_अठरा

काका _/\_

उजवीकडे ओढणारी बस म्हणजे आपल्या डेपोतलीच कुठलीतरी असणार.

कळण्याची_भाकर

वाचतेय. एक विरोधी सूर लावते.

स्वभाव पाहिजे हे मान्य, पण हल्ली स्वभाव म्हणजे कोणीतरी सतत कानात बडबडणं असा समज झालाय. बर्नआउट ३, २००४ चा. खेळ म्हणून काय जबरदस्त! उलट्या लेनमध्ये घुसा, समोरच्या गाडीला केसभर चुकवा, बूस्ट मिळतो. दुसऱ्याला भिंतीवर दाबून उडवलं की कॅमेरा थांबून ते दृश्य प्रेमाने दाखवतो. निव्वळ मवालीपणा आहे आणि गेमला त्याची लाज नाही. हा झाला स्वभाव. पण त्यातच रेडिओवर डीजे स्ट्रायकर नावाचा एक प्राणी आहे. तो गाण्यांच्या मधे बोलतो, शर्यतीआधी बोलतो, आपण किती भारी हे सांगत बसतो. अरे बाबा, गाडी उडवताना मला दिसतंय ना किती भारी ते!

फोर्झा होरायझन मला आवडतो. मेक्सिकोवाला पाचवा भाग (२०२१) तर दिसायला अप्रतिम आहे. पण त्यातली माणसं ऊठसूट कौतुक करतात. तीन झाडं आणि एक कुंपण पाडून पोचले तरी वाहवा. लग्नात वरमाईलासुद्धा इतका मान मिळत नाही. आउटरनमधली शेजारची बाई जवळपास काही बोलत नाही, तरी ती तुमच्या लक्षात राहिलीय.

तापीकाठचा

कळण्याची_भाकर, हे फार नेमकं बोललात. बोलकेपणा आणि स्वभाव यांची गल्लत मीही धाग्यात नीट सोडवली नव्हती.

बोलूनही जमलेलं उदाहरण म्हणजे क्रेझी टॅक्सी, १९९९. तिथं प्रवासी ओरडतात, पण कामाचं ओरडतात. समोरच्या ट्रकला घासून गेलात की टिप वाढते आणि गिऱ्हाईक खूश. वेळ संपली की चालत्या टॅक्सीतून शिव्या घालत उडी मारून निघून जातं. म्हणजे तुम्ही कशी चालवताय त्याचा आरसा मागच्या सीटवर बसलाय. खोटं कौतुक नाही.

रंगरेषा

चित्रकलेच्या बाजूने दोन ओळी. १९९५ चा वाइपआउट बघा. तरंगती यानं, भविष्यातली शर्यत. शेफिल्डच्या द डिझायनर्स रिपब्लिक या ग्राफिक डिझाइनवाल्यांकडून त्यांनी काल्पनिक संघांची बोधचिन्हं, अक्षरं, वेष्टन असं सगळं करून घेतलं. फायसार, किरेक्स हे संघ खरेच कुठेतरी असावेत असं वाटतं, केवळ त्या चिन्हांमुळे. आम्ही कॉलेजात वहीच्या मागच्या पानावर ती गिरवत बसायचो.

मेहरूणची_बोरं

आणि व्हाइस सिटीचे रेडिओ कोणी काढले नाहीत अजून? तो ड्रायव्हिंग गेम नाही म्हणाल, पण मी त्यात मिशन कमी केली आणि समुद्राच्या कडेने गाडी जास्त फिरवली. ज्या प्रकारची गाडी उचलाल तिच्यात वेगळं स्टेशन आधीच लागलेलं असतं. कोणाची गाडी होती, तो कसला माणूस असेल, ते दार उघडल्या उघडल्या कळतं. एकही शब्द न बोलता.

खानदेशातल्या कितीतरी पोरांनी समुद्र पहिल्यांदा तिथेच पाहिला असेल. मी त्यातलीच.

केळीवाला

नमस्कार. मी इथं वाचत असतो, लिहितो कमी. रावेरकडचा आहे, घरात केळीचा व्यवहार आणि दोन ट्रक.

मला युरो ट्रक सिम्युलेटर २ आवडतो. लोक हसतात, म्हणतात दिवसभर ट्रक, रात्री पण ट्रक? पण त्याचा शांतपणा मला पटतो भो. २०१२ चा गेम, प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअरचा. नकाशा खऱ्याच्या एकोणिसाव्या हिश्शाचा, म्हणजे देश लवकर संपतात, तरी लांब जाऊन राहिलो असं वाटतं. इंटरनेटवरचा खरा रेडिओ लागतो. झोप आली की चालकाचे डोळे मिटू लागतात, मग थांबायचं. सिग्नल तोडला की दंड. मालाला धक्का लागला तर पैसे कापले. यात कोणी हिरो नाही. काम नीट केलं, पैसे मिळाले, पुढचं काम. हा पण स्वभावच झाला ना? मला तर कामकरी माणसाचा वाटतो.

पण त्यात आपला रस्ता नाही. गाड्या आणि रस्ते मॉडमध्ये, म्हणजे खेळणाऱ्यांनीच गेममध्ये घातलेल्या भरीत, लोक बनवतात, भारतीय ट्रक पण मिळतात. दिसायला हुबेहूब. चालवायला घेतले की कळतं, आतमध्ये जर्मनच आहे.

आमच्याकडे गाडी कशी भरतात ते सांगतो. घड कापून वावरातून आणायचे, ट्रकच्या तळाला आणि बाजूंना केळीची पानं दाबून बसवायची, मग घड एकेक करून लावायचे. फेकायचा नाही, घासायचा नाही. डाग पडला की भाव पडला. माल हिरवा आहे तोवर तुमचा, पिकायला लागला की घड्याळ तुमच्या हातात नाही. गाडी रावेरहून बऱ्हाणपूर, तिथून खंडवा, इंदूर करत वर दिल्लीकडे. उन्हाळ्यात माल आतून तापतो. जोरात नेली तर घड घासतात, हळू नेली तर पिकतात. म्हणजे वेगाचा प्रश्न आहे, पण शर्यतीसारखा नाही. कोणी यावर गेम काढला तर मी पहिला घेईन.

एमएच_अठरा

केळीवाला भाऊ, हे वाचून माले डायरेक्ट गेम दिसायला लागला. कोणी प्रोग्रामर आहे का इथं?

पण तो खराखुरा सिम्युलेटर करू नका. आउटरनसारखा करा. सुरुवातीला क्लीनर कॅसेट लावतो. मग रस्ता फुटतो. डावीकडे चाळीसगाववरून कन्नड घाट, उजवीकडे लळिंगवरून मालेगाव.

मेहरूणची_बोरं

अजिंठा चौफुलीचा एक टप्पा पाहिजेच. शेवटचा. सगळ्यात अवघड.

क्लच_प्लेट

आता तुम्ही माझ्या गल्लीत आलात.

नुसतं कन्नड घाटाचं चित्र लावून तो गेम आपला होत नाही. सहा महिन्यांत असले शंभर मोबाइल गेम येतात, इंडियन अमुक सिम्युलेटर, इंडियन तमुक ड्रायव्हिंग. गाडीला हार घालतात, नंबर प्लेट बदलतात, आणि आतून सगळे एकच. रस्त्याकडेला माणूस नाही, कुत्रं नाही, बैलगाडी नाही.

आपला रस्ता बोलण्यावर चालतो. पुढचा ट्रक उजवा इंडिकेटर देतो. वळणार आहे की 'जा बाबा पुढे' म्हणतोय, ते तुम्ही त्याच्या चालीवरून ओळखायचं. रात्री समोरून अपर-डिपर मारला तर 'आधी मी येतो', नुसता डिपर दिला तर 'ये'. हॉर्नचे प्रकार तर विचारू नका. गुरांसाठीचा वेगळा, ओळखीच्यासाठीचा वेगळा, आणि पुलावर मधोमध उभं राहून फोनवर बोलणाऱ्यासाठीचा वेगळा. मोस्ट वॉन्टेडमध्ये वायरलेस आहे ना, आपल्याकडे हे वायरलेस आहे. हे चुकीचं वाचलं की गेम ओव्हर. असा गेम काढा, मग बोलू.

कळण्याची_भाकर

क्लच_प्लेट, पहिल्या प्रतिसादात तुम्ही स्वभावाच्या विरोधात होतात ना? :)

हॉर्नवरून आठवलं. बस सिम्युलेटर इंडोनेशिया, २०१७ चा, मालेओ नावाच्या कंपनीचा. आमच्या सोसायटीतली समस्त पोरं मोबाइलवर तेच खेळतात. तो मुळात त्यांच्या रस्त्यांचा गेम आहे. तिकडे बसचे सुरेल हॉर्न हे एक वेगळंच वेड, रस्त्याकडेला उभी मुलं चालकाला हॉर्न वाजवायची विनंती करतात, आणि तो हॉर्न गेममध्ये आहे. बसचं रंगकामही आपलं आपण करता येतं. आमची पोरं त्यावर लालपरी चढवतात, समोर पाटीवर 'चोपडा-जळगाव' लिहितात, आणि इंडोनेशियाच्या रस्त्यावर नेतात. त्यांना काही खटकत नाही. त्या गेममध्ये त्यांच्या मातीचं काहीतरी खरं आहे म्हणून आपलंही त्यात मावतं, असं मला वाटतं.

एकच तक्रार मुलांची, कंडक्टरची घंटी नाही. एक टोला थांब, दोन टोले चल. धाकटा तोंडाने 'टिंग टिंग' करतो, मग मोठा बस सोडतो.

अवांतर_काका

ही 'टिंग टिंग' करणारी दोघं मला भेटवा. खाऊ माझ्याकडून.

जाता जाता अजून एक. जॅलपी, २०१८ मध्ये पूर्ण झाला. बर्लिनची भिंत पडल्यानंतरचा काळ, एक खटारा गाडी, आणि शेजारच्या सीटवर तुमचा काका. पूर्व जर्मनीतून निघून तुर्कस्तानपर्यंत जायचं. गाडीचं नाव लायका, आणि ती त्यांच्याकडच्या ट्राबांट या साध्या गाडीची बहीण शोभते. सारखी काहीतरी मागते. तेल संपलं, टायर गेला, कार्ब्युरेटर बिघडला. बॉनेट उघडून हाताने सुटा भाग काढा, नवा बसवा. पैसे नसतील तर रस्त्याकडेला सापडलेली खोकी विकून जमवा. गाडी वेगाने जातच नाही. पण डिकीत काय ठेवायचं, किती पेट्रोल पुरेल, आज कुठल्या गावात मुक्काम, यात जीव गुंततो. ज्यांनी जुन्या फियाटमधून वऱ्हाड नेलंय त्यांना जास्त सांगायला नको.

केळीवाला

काका, हा गेम आजच बघतो. कार्ब्युरेटर काढता येतो म्हणजे चांगलाच असेल.

रंगरेषा

आणि हिल क्लायंब रेसिंग? सगळे विसरले. २०१२, फिनलंडच्या फिंगरसॉफ्टचा. दोन पेडल, बाकी काही नाही. टोपीवाला न्यूटन बिल. चढावर गॅस जास्त दिला की गाडी मागे उलटते आणि बिलची मान मोडते. तो कडक आवाज ऐकून लोक पुन्हा सुरू करतात. आमची आजी चष्मा लावून खेळायची, आणि तो उलटला की 'मेला!' म्हणून हळहळायची. तिला शर्यत, इंजिन कशाशीच देणंघेणं नव्हतं. तिला बिलची काळजी होती.

क्लच_प्लेट

आजींचं बरोबर आहे. आणि त्या गेममध्ये वजन पुढे-मागे जाणं बोटाला नीट कळतं, हेही नोंदवून ठेवा. म्हणून उलटतो तो.

कळण्याची_भाकर, मी विरोधात नव्हतो. क्रम सांगत होतो.

नवा_मेंबर_शहादा

चर्चा आवडली. घरी जुना लॅपटॉप आहे, ४ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. स्टिअरिंग व्हील नाही. वरच्यापैकी काय चालेल? मला शर्यत जिंकण्यात रस नाही, संध्याकाळी अर्धा तास गाडी चालवल्यासारखं वाटलं पाहिजे.

तापीकाठचा

शहादेकर, स्वागत. जॅलपी करून बघा, युरो ट्रकही सेटिंग खाली आणलीत तर बहुधा ओढेल. विकत घेण्याआधी दुकानाच्या पानावरची किमान गरज तपासा, मी आंधळेपणाने सांगत नाही. लॅपटॉप थोडा बरा मिळाला तर आर्ट ऑफ रॅली (२०२०). गाडी वरून, लांबून दिसते, झाडं आणि डोंगर सपाट रंगांचे, खऱ्या कंपन्यांची नावं नाहीत पण जुन्या रॅलीच्या गाड्या ओळखू येतात. खऱ्या इतिहासात ग्रुप बी या बेफाट गाड्या १९८६ नंतर बंद झाल्या, या गेमने त्या बंदच होऊ दिल्या नाहीत. शर्यत नको असेल तर नुसतं मोकळं फिरताही येतं. क्लच_प्लेट यांनाही चालेल, दिसायला खेळणं असलं तरी खडीवर गाडी मागून सुटते ती अगदी व्यवस्थित सुटते.

क्लच_प्लेट

खेळलोय. चालतो.

केळीवाला, तुमच्या गेमबद्दल एक अट. घाट उतरताना डिझेल वाचवायला न्यूट्रल केला तर ब्रेक तापले पाहिजेत, आणि वास आल्याचं क्लीनरने ओरडून सांगितलं पाहिजे. हे असेल तर मी फुकटात टेस्टिंग करून देतो.

केळीवाला

ते तर पहिल्याच टप्प्यात टाकू भो. आणि क्लीनर ओरडणार नाही. आमचा तर काही न बोलता आधी दार उघडून ठेवतो.

एमएच_अठरा

खिक्क!

प्रोग्रामर सापडला का कोणी? मी गाणी निवडून ठेवतो.